सुईताईंच्या संगणकातला पहारेकरी

पडदा वर जातो तेव्हा एक लहान खोली दिसते. एका अंगाला भरतकामाचं यंत्र, शेजारी जुना संगणक, दोरीवर टांगलेले काळे कोट. संगणकापुढे जावईबापू बसलेत, मागे लेक उभी आहे, आणि स्टुलावर बसून, ओठांत सुई धरून जावयाच्या पाठीकडे बघताहेत आमच्या नाटक मंडळीच्या सुईताई.

कपडेपटावर राज्य होतं त्यांचं. ऐन प्रवेशाच्या तोंडावर माझा अंगरखा उसवायचा आणि विंगेतल्या अंधारात त्या तो माझ्या अंगावरच शिवायच्या. "हलू नका राजेसाहेब, नाहीतर सिंहासनावर बसताना ओरडाल." मंडळी मोडली, त्यांचे यजमान गेले, तेव्हा त्यांनी हे यंत्र घेतलं. संगणकावर नक्षी काढायची, यंत्राने ती कापडावर भरायची. घर त्यावरच उभं राहिलं.

त्या संगणकात जावईबापूंनी न विचारता एक अँटिव्हायरस बसवला. आगाऊ नट मी पुष्कळ पाहिले, पण हा सगळ्यांचा बाप. काम एका वाक्याचं, 'तुमचा संगणक सुरक्षित आहे', आणि तेवढ्यासाठी हा दर प्रवेशात मध्ये घुसणार. परवा तर या दीडशहाण्याने सुईताईंचा नक्षीचा प्रोग्रॅमच धोकादायक ठरवून कोंडून ठेवला. सोडवला की पुन्हा कोंडायचा.

कोट एका वाद्यवृंदाचे होते. खिशांवर सोनेरी चिन्ह भरून ते दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते. चुकलं, तर हे काम कायमचं मोठ्या दुकानाकडे जाणार, हे सुईताई जाणून होत्या.

"आई, कशाला जिवाला त्रास?" जावईबापू म्हणाले. "कोट परत करू. यंत्राला गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. आमच्याकडे या, आराम करा."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, एवढं मी त्यांच्या पदरात टाकतो. दुसऱ्याच्या घराची राखण करायला बसणाऱ्यांच्या मनात ते बहुधा नसतंच.

सुईताईंनी ओठांतली सुई काढली. "आधी तुमचा पहारेकरी हाकला."

जावईबापू हाकलायला गेले. पहारेकऱ्याने पासवर्ड मागितला.

"अहो, तुम्हीच ठेवला होता ना?" लेकीने विचारलं.

"हो. मुद्दाम अवघड ठेवला होता."

"मग?"

"फारच अवघड होता."

मग त्यांनी कंपनीला फोन लावला आणि बोलत बोलत गॅलरीत गेले. परत आले ते विजयी मुद्रेने. "काढायची गरजच नाही. त्यांनी वरचा प्लॅन दिला. आता माझा फोनपण त्यात आला."

चुकीच्या मापाने बेतलेल्या कापडाकडे बघावं तसं सुईताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पाहुण्याला घालवायला गेलात, आणि त्याच्या भावाला मुक्कामाला घेऊन आलात."

लग्न झाल्यापासून नवरा आणि आई यांच्यामध्ये अस्तरासारखी शिवली गेलेली लेक आता पुढे आली. "सरका जरा," म्हणाली. जावईबापू उठले नाहीत; बसल्या बसल्या खुर्ची बाजूला ओढली. तिने उभ्यानेच फोनवर वाचून वाचून त्याच कंपनीचं, पहारेकऱ्याला काढून टाकायचं एक साधन उतरवून घेतलं. संगणक बंद करून सेफ मोडमध्ये चालू केला. तिथे गरजेपुरतीच मंडळी जागी असतात, पहारेकरी झोपलेला असतो. पण निघताना त्याने नाटक केलंच. पडद्यावर एक रडका चेहरा आला: 'आम्ही कुठे कमी पडलो?' इतकी भिकार एक्झिट आमच्या मंडळीत कोणी खपवून घेतली नसती.

संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली पहारेकऱ्याची ढाल गेली होती. लेकीने कपाटातून मूळ सीडी काढून नक्षीचा प्रोग्रॅम नव्याने बसवला आणि सोनेरी चिन्ह पडद्यावर उमटलं. सुईताईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला, बस.

तोवर जावईबापूंनी खुर्ची परत जागेवर ओढली होती आणि माउस हातात घेतला होता. "आई, असं उघडं ठेवणं बरं नाही. थांबा, मी दुसरा बघतो. फुकटातला."

सुईताईंनी दोरीवरचा पहिला कोट काढला, झटकला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, उठा त्या खुर्चीवरून. मला कामाला बसायचंय."