टेबलावरचा जबडा

कवळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. वय चाळिशीचं, केस मागे घट्ट बांधलेले, चालणं सावकाश आणि बोटांना कायम मेणाचा वास. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईच्या बोटांना मेणाचा वास कशाला, असं कुणी विचारलं की ती मान ताठ करून सांगे, "मी मेणातून वर आलेय." ते खरंच होतं. गुलाबी मेणाच्या हिरड्या वळायच्या आणि त्यांत एकेक दात खोचायचा, हे काम तिने सहा वर्षं केलं होतं. मग वाचनालयाच्या रद्दीत तिला प्रोग्राम लिहायला शिकवणारं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्याची पहिली वीस पानं कुणीतरी फाडून नेली होती. ताई एकविसाव्या पानापासून शिकली. मास्तर नाही, वर्ग नाही. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक मांडीवर आणि डबा पुस्तकावर. वर्षभराने तिने एकटीने कारखान्याची वेबसाइट उभी केली.

तोवर दातांचा डॉक्टर जबड्यांची मापं कागदावर लिहून पाठवी, आणि ते कागद वाटेत भिजत. आता डॉक्टरने आपल्या दवाखान्यात बसून वेबसाइटवर माप भरायचं आणि इकडे मशीनने ते वाचून दात कोरायला घ्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला जादू वाटावी असं ते काम होतं.

आतून मात्र ते कसं होतं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वेबसाइटच्या पोटात ताईने एक टेबल मांडलं होतं असं समजा, आणि त्या टेबलावर एक उघडं खोकं. खोक्याचं नाव 'चालू जबडा'. डॉक्टर येऊन त्यात माप टाकणार. दातांचा रंग ठरवणारा भाग त्यात हात घालणार, हिरडीची जाडी ठरवणारा भाग हात घालणार, आणि शेवटी मशीन हात घालून माप उचलणार. कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. पुस्तकी भाषेत अशा खोक्याला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. त्यात ज्याला त्याला थेट हात घालू देऊ नये, हे त्या पुस्तकाच्या अठराव्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

अकरा वर्षं काही बिघडलं नाही, कारण डॉक्टर एकच होता आणि तोही एका वेळी एकाच रुग्णाचं तोंड उघडत असे. मग यंदा मालकाने एकदम नऊ डॉक्टर जोडून घेतले. एकाचं माप खोक्यात पडतंय न पडतंय तोच दुसरा येऊन आपलं माप त्यावर टाकू लागला. पहिल्या रुग्णाच्या नावावर दुसऱ्याचा जबडा निघाला आणि दुसऱ्याच्या नावावर पहिल्याचा.

दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसेल कशी, असं शहाणी माणसं विचारतील. बसली. दोन दिवस टोचली आणि मग बसली. माणसाचं तोंड फार सोशिक असतं. पण जबड्याच्या मापाबरोबर आणखी काय काय जातं, हे कुणी मोजलेलं नव्हतं. जन्मभर जे शब्द त्या वाटेने गेले, त्यांच्या खाचा पडलेल्या असणारच. निवृत्त न्यायाधीशांना भाजीवालीची कवळी गेली आणि ते सकाळी बाल्कनीत उभे राहून "ताजी, ताजी, हात लावून बघा!" असं ओरडू लागले, हात लावण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नसताना. तिकडे भाजीवाली दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय एक वांगं देईना.

हे सगळं गावभर चाललं होतं, आणि ताईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या घरी मात्र सुखाचे दिवस आले होते.

तिचे वडील, अप्पा, काचेच्या कारखान्यात सदतीस वर्षं तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येत, त्यांच्या मागे दिवा असे, आणि अप्पा स्टुलावर बसून बघत. केसाएवढा तडा, मोहरीएवढा बुडबुडा दिसला की म्हणत, "परत पाठव." नोकरी सुटली तरी हे शब्द सुटले नाहीत. ताईने लहानपणी काढलेलं हत्तीचं चित्र त्यांनी उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "सोंड वाकडी आहे. परत पाठव." तिला बघायला तीन मुलगे आले. पहिल्याचं नाक कललेलं, दुसऱ्याचं हसू एका बाजूला, आणि तिसरा चांगला होता म्हणून अप्पांना त्याचाच सगळ्यांत जास्त संशय आला. तिघेही परत गेले. आई लवकर वारली होती, तेव्हा समजूत घालायलाही कुणी नव्हतं. वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी ताईने घरी येऊन सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "चहा पातळ झालाय." एवढंच. अकरा वर्षांत त्यांनी तिचं काम एकदाही डोळ्यांखालून घातलं नाही.

चार महिन्यांपूर्वी अप्पांना ताईच्याच कारखान्यातली कवळी बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने चहा दिला. अप्पांनी घोट घेतला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कित्ती गोड चहा केलास गं बाळ!"

ताईच्या हातातून बशी पडली.

"कित्ती गोड फुटली!" अप्पा म्हणाले.

तेव्हापासून घर नुसतं उजळून निघालं होतं. ताई कारखान्यातून आली की अप्पा दारात. "दमलीस बाळ? कित्ती गोड दमतेस!" ती खाली मान घालून चपला काढी आणि उगाच जास्त वेळ लावी. चाळीस वर्षं जे ऐकलं नव्हतं ते आता रोज ऐकत होती. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं तिने शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, "आमचा तर नाही झाला हो. कुठून आणलीत कवळी?"

मग एका दुपारी कारखान्यात एक सून रडत आली. दारातूनच तिने सुरुवात केली, "तुमच्या कवळीने आमच्या आईंचं वाटोळं केलंय!"

आई म्हणजे तिची सासू, बाळंतपणाच्या दवाखान्यातली जुनी सिस्टर. चाळीस वर्षं त्या बाईने प्रत्येक नव्या बाळाला हातात घेऊन एकच वाक्य म्हटलं होतं. "कित्ती गोड!" कसलंही बाळ असो.

"आणि आता?" ताईने विचारलं.

"आता मला मुलगा झाला. पहिलं नातवंड! आईंच्या हातात दिला. त्यांनी त्याला खिडकीशी नेलं, उजेडाकडे धरला, इकडून फिरवला, तिकडून फिरवला आणि म्हणाल्या, 'कान खालीवर आहेत. परत पाठव.'" सुनेने पदराने नाक पुसलं. "कुठे परत पाठवू हो मी? अडीच महिने झाले, मांडीवर घेत नाहीत त्याला. स्वतः रडतात. म्हणतात, मला घ्यायचाय गं, पण तोंडातून भलतंच येतं."

मालक हसत बाहेर आला. हसला की सगळेच्या सगळे दात दिसत, म्हणून पाठीमागे सगळे त्याला बत्तीशी म्हणत. "वहिनी, कान वाढत्या वयात सरळ होतात," असं म्हणून त्याने तिला पाणी दिलं.

ताईने कॉम्प्युटरवर अप्पांच्या कवळीचा नंबर काढला, सिस्टरच्या कवळीचा नंबर काढला. एकच तारीख, एकच मिनिट. मग मशीनने जपून ठेवलेली मापं उघडली. अप्पांच्या नावापुढे बाईमाणसाचा नाजूक जबडा होता.

"मला थोडे दिवस द्या," ती सुनेला म्हणाली.

घरी जाताना ती वाट वाकडी करून लांबच्या रस्त्याने गेली. खरं सांगायचं तर तिला काहीच करायचं नव्हतं. कोणाला कळणार होतं? सिस्टरला एक नवी कवळी फुकट करून द्यावी, कसल्याही मापाची, आणि अप्पांच्या तोंडातली तशीच राहू द्यावी. असा विचार करत ती जिना चढली.

अप्पा खिडकीशी उभे होते. वाऱ्याने तावदान आपटलं होतं आणि काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. अप्पा त्यावरून बोट फिरवत होते. "कित्ती गोड तडा!" ते म्हणाले. बोट कापलं होतं, काचेवर लाल रेघ उमटत होती, आणि ते हसत होते. पण डोळे हसत नव्हते. डोळे त्या तड्यावर खिळून राहिले होते, एखाद्या माणसाला ओळखीचं गाव दिसावं आणि नाव आठवू नये तसे.

ताईने त्यांचं बोट नळाखाली धरलं. नळ गळत होता. "कित्ती गोड गळतोय," अप्पा म्हणाले, आणि या वेळी ते वाक्य तिला सोसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं, "वेबसाइट आतून बदलायची आहे. मध्ये ठेवलेलं खोकं काढून टाकायचं. कुणी थेट हात घालायचा नाही. प्रत्येक मापाने आपलं खोकं आपल्या हातात घेऊन फिरायचं, आणि ज्याला जे हवं ते त्याने खिडकीशी येऊन, नंबर सांगून मागायचं."

"अगं, पण चालतंय ना?" बत्तीशी म्हणाला.

"चालतंय. पण कुणाच्या तोंडात?"

"तक्रार तरी कुठे आहे? एक ती बाई सोडली तर."

"मालक, तक्रार करणाऱ्यांचीच तोंडं बदललीत. तक्रार कोण करणार?"

मालकाने यावर बराच विचार केला. "भाजीवालीकडे हल्ली भांडणं होत नाहीत," तो म्हणाला. "मला वाटतं ती वाईट गोष्ट नाही." पण ताईने मान ताठ केली होती, आणि मेणातून वर आलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तो जाणून होता.

अकरा दिवस ती खुर्चीतून हलली नाही. 'चालू जबडा' हा शब्द दोनशे चौदा ठिकाणी निघाला. आपलीच अकरा वर्षांपूर्वीची अक्षरं. कुठे घाईत लिहिलेली, कुठे अभिमानाने. एकेक जागा तिने शोधली, खोक्यात घातलेला एकेक हात मनगटाला धरून बाहेर काढला आणि खिडकीशी रांगेत उभा केला. मग डॉक्टरांकडून सगळ्यांची मापं नव्याने मागवली आणि सगळ्यांच्या कवळ्या नव्याने कोरल्या. न्यायाधीशांनी जुनी परत करताना थोडी घासाघीस केली.

सिस्टरची कवळी सून स्वतः घेऊन गेली. तासाभरात तिचा फोन आला. पलीकडून कुणीतरी "कित्ती गोड कान! कित्ती गोड कान!" म्हणत होतं, आणि कुणीतरी छोटंसं रडत होतं, आणि सून काय बोलत होती ते काही कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईने अप्पांच्या पुढ्यात डबी ठेवली.

"हे काय आणलंस बाळ? कित्ती गोड डबी!"

"तुमचे दात आहेत, अप्पा. तोंडात आहेत ते दुसऱ्या कुणाचे."

अप्पांनी तोंडातली कवळी काढली, नवी बसवली. दोनदा चावून बघितलं. ताई समोर बसून राहिली. तिने मनाशी म्हटलं, चार महिने मिळाले, पुष्कळ झाले.

अप्पांनी खोलीभर नजर फिरवली. "नळ गळतोय," ते म्हणाले. "ती काच फुटलीय. कधीची फुटलीय? बदलली का नाही?"

"उद्या बदलते."

"आज बदल." मग त्यांनी नवी कवळी पुन्हा काढून हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि फिरवून फिरवून पाहिली. बराच वेळ गेला. खालच्या गल्लीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे दणके तेवढे ऐकू येत होते. अप्पांनी कवळी परत बसवली.

"कुणी केली?"

"मशीनने. माझ्या प्रोग्रामने."

"दाखव."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. अप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पडद्याच्या कडांना हात लावून बघितलं. "मागून दिवा आहे की याला," ते म्हणाले. "आधी सांगायचंस. सरकव."

तिने अक्षरं हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. अप्पांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते नुसते बघत होते, पट्ट्यावरून बाटल्या येतात तसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास.

"थांब. मागे घे. अजून. इथे." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा शब्द. बाकी सगळीकडे याच्या मागेपुढे काहीतरी गुंडाळलंय. इथे उघडाच आहे."

ताई वाकली. डॉक्टरांना दाखवायच्या यादीचा तो कोपरा होता, आणि तिथे 'चालू जबडा' जसाच्या तसा बसला होता, हात आत घालून.

"दोनशे चौदा काढले होते मी," ती म्हणाली.

"दोनशे पंधरा. परत पाठव."

तिने तो तिथेच नीट केला. कान गरम झाले होते, आणि चूक सापडल्याचा राग होता की आणखी काही, हे तिला सांगता आलं नसतं. अप्पांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. ती चहा टाकायला उठू लागली, तर ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"बस खाली. तुझा चहा मला माहितीय. पुढचं पान काढ."