हिलाल दलालाची रविवारची शिकवणी

आमच्या दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात भाव तोंडाने ठरत नसे. दलाल हातावर रुमाल टाकायचा, घेणारा खालून त्याची बोटं दाबायचा, की झाला सौदा. भाव बाहेर फोडला तर दलाल मेलाच समजा. हिलालच्या रुमालाखालचा भाव कधी फुटला नाही. मी आधार मापाडी, सगळं माझ्या काट्यासमोर घडलं म्हणून ठासून सांगतो.

अडुसष्टच्या हंगामात हा हिलाल ढिगापाशी बसून पुटपुटायला लागला. "पेरो... सिनो... आउंके..." मिरची घेणाऱ्या पारसमल शेठच्या कानावर गेलं नि झालं! तो गृहस्थ बायकोने दिलेला चहासुद्धा हुंगून प्यायचा.

"आधार, ही खूण शे. माझा भाव हा धुळ्याच्या व्यापाऱ्यांना फोडतो," म्हणाला. महिनाभर त्याने हेच ज्याच्यात्याच्या कानात ओतलं.

मी हिलालला गाठलं. "अरे बाबा, पोटावर पाय येईल तुझ्या! काय बडबडतोस हे?"

"स्पॅनिश," तो हसला. गावाबाहेरच्या मिशन दवाखान्यात स्पेनची एक म्हातारी सिस्टर होती. हिलालची बायको लिलाबाई बाळंतपणात तिच्यामुळेच वाचली होती. लकवा झाला नि सिस्टर मराठी विसरली, तिची मायबोली तेवढी उरली. म्हणून हा दर रविवारी तिथल्या फादरकडे शिकायला बसायचा.

"पाणी, भाकर हाताने दाखवता येतं, भाऊ. 'म्हणून', 'तरीसुद्धा' कसं दाखवू? 'जरी'ला आउंके, त्यात 'पण'ला त्यांचे दोन शब्द. पेरो नुसता आडवा येतो. सिनो मागचं खोडून त्याच्या जागी नवं मांडतो. मी गोंधळलो की ती बोलायची थांबते, रडते."

मी शेठला ओढतच तिथे नेलं. म्हातारी बोलत होती, हिलाल अडखळत उत्तर देत होता, नि एकाएकी ती खुदकन हसली. माझे तर डोळे भरून आले. पारसमलने मात्र खाटेखाली वाकून पाहिलं! काय म्हणावं या माणसाला?

तरी सोमवारी त्याने भर बाजारात सांगितलं, "हिलाल सच्चा माणूस शे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण हिलालने रुमाल टाकला, तर एक हात पुढे येईल तर शपथ. शेवटी शेठनेच हात घातला, भाव ठरवला. आणि लगेच बाजूला सरकून त्याच ढिगाचा भाव दुसऱ्या दलालाला विचारला!

हिलालने ते पाहिलं. रुमाल झटकून खांद्यावर टाकला नि तो बाजाराच्या फाटकाबाहेर गेला, तो कायमचाच.

"बघ," पारसमल माझ्या कानाशी लागला, "पळाला! मनात काही असल्याशिवाय माणूस पळतो का?"