भैरवनाथाचा पोशाख

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, माळावरचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावात शिंपीकाम करायचे. ओसरीवर त्यांचं मशीन होतं आणि गावातल्या बहुतेकांच्या अंगावर त्यांच्याच हातचा कपडा असायचा. वर्षातून एकच कपडा ते माप न घेता शिवायचे. चैत्रातल्या यात्रेला भैरवनाथाला नवा पोशाख चढायचा, आणि तो आण्णांच्या आजोबांपासून आमच्याच घरातून जायचा.

पोशाखाचं काम दोन दिवस चाले. आण्णा आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून मशीनवर बसायचे. त्या कापडाशेजारी दुसरं कापड ठेवू द्यायचे नाहीत. मी आणि माझा धाकटा भाऊ खाली पडणाऱ्या चिंध्यांवर टपून असायचो. लाल साटीन, कडेला लावायचा पिवळा गोट. भाऊ त्या मनगटाला बांधून घ्यायचा आणि "मलाबी देव म्हना" म्हणून आईच्या मागं लागायचा. आई खरंच त्याच्या पाया पडल्यासारखं करायची, मग तो लाजून पळून जायचा.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी तो सहा वर्षांचा होता आणि मी दहा. यात्रा तीन दिवसांवर आली असताना त्याला ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतरला नाही तर नगरला न्या म्हणाले. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आई म्हणाली, आजच नेऊ या. पोशाखाच्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. आण्णांनी मला सांगितलं, जा, हात लावून बघ ताप कसा आहे.

मी आत गेले. तो गोधडीत मुटकुळं करून पडला होता. कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, इतकं ते तापलेलं होतं. पण देवळामागच्या माळावर पाळणे उभे राहिले होते. नगरला जायचं ठरलं तर मला मावशीच्या गावी जावं लागणार आणि यात्रा बुडणार, हे मला नीट कळत होतं. मी बाहेर येऊन म्हणाले, "कमी वाटतोय."

आण्णा आईला म्हणाले, "पोशाख देऊन येतो. मग नेतोच त्याला नगरला."

संध्याकाळी पोशाख देवळात गेला, तोवर नगरची शेवटची एसटी निघून गेली होती. पहाटे भावाला झटके आले. शेजारच्यांच्या जीपमधून त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर आण्णांना म्हणाले. हे मला पुढं आईच्या तोंडून कळलं, ती मावशीला सांगत असताना. मी दाराआड उभी होते.

त्यानंतर आण्णा देवळाची पायरी चढले नाहीत. देवाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाशी वाद घातला नाही. पुढच्या चैत्रात गुरव पोशाखाचं कापड घेऊन आले. आण्णांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." गुरव कापड घडी करून परत घेऊन गेले. आई चुलीपुढं बसून होती.

ती मात्र दर रविवारी देवळात जात राहिली. मला याचं फार नवल वाटायचं. कॉलेजात असताना एकदा विचारलंच, तुला त्या देवाचा राग येत नाही का. ती भाकरीचं पीठ मळत होती. म्हणाली, "राग धरून जाऊ कुठं? दुसरं कोन हाय मला?"

मीही तिच्याबरोबर जायचे. हात जोडायचे, पण गाभाऱ्यात बघायचे नाही. त्या सकाळी मी काय केलं, हे फक्त भैरवनाथालाच ठाऊक आहे असं मला वाटायचं. लोक देवाकडं आधार मागायला जातात. माझ्यासाठी तो साक्षीदार होता, आणि माझी सगळी श्रद्धा त्या एका भीतीतच होती. लग्न झालं, नगरला शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली, तरी ते सुटलं नाही. माझ्या घरात आजही तीन थर्मामीटर आहेत. मुलीचा ताप मी कधी हात लावून बघितला नाही. नवऱ्याला वाटायचं, शिक्षिका आहे, तिला आकडा लागतो. मी त्याला तसंच वाटू दिलं.

चारेक वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं, मग शेजारणींची नावं गेली. एके दिवाळीत मी घरात पाऊल टाकलं तर तिनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमी कुठल्या म्हनायच्या?" मी ते पाणी प्याले. आण्णा हळूच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, मलाबी कधीकधी पावना समजती.

मग एकाएकी तिनं पोशाखाचं विचारायला सुरुवात केली. "आवं, पोशाख झाला का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आण्णा उठून बाहेर गेले. पण ती दिवसातून दहा-दहा वेळा विचारायची, आणि उत्तर मिळालं नाही की दारापर्यंत येरझाऱ्या घालायची, जेवायची नाही. शेवटी आण्णा सांगायला लागले, होतोय, बाह्या राहिल्यात. तेवढ्यानं ती घटकाभर शांत बसायची. असे कितीतरी महिने गेले. मग एका शुक्रवारी आण्णांचा फोन आला. येताना कापडबाजारातून दोन मीटर लाल साटीन आण, म्हणाले, आणि पिवळा गोट.

मी शनिवारी गेले. आण्णांनी मशीन पुसून, तेल घालून ठेवलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सकाळी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून बसला होता. सुईत दोरा त्यांना दिसेना, तो मी ओवून दिला. कापताना कात्री अडखळत होती, पण मशीनवर बसल्यावर पाय आपोआप चालायला लागला. माप त्यांनी विचारलं नाही, आठवणीतूनच कापलं. आई आत झोपली होती. बाहेर दोघंच होतो. ते बाही जोडायला लागले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आण्णा, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. त्याचा ताप कमी नव्हता."

मशीन थांबलं नाही. बाही पुरी जोडून झाली, त्यांनी दोरा तोडला, मग बोलले.

"मला ठाऊक हुतं. तुझ्या मागनं मी आत जाऊन बघितलं. हात लावला हुता मी त्याला."

मी विचारलं, मग नेलं का नाही.

"पोशाख पुरा करायचा हुता. वाटलं, देवाचं काम हाय, देव बघंल." त्यांनी दुसरी बाही हातात घेतली. "तू दहा वर्साची पोर. अंगावर कशाला घेतलंस ते? ते माझं हाय."

पंचेचाळीस वर्षं आम्ही एकाच गोष्टीचं ओझं दोघं वेगवेगळं वाहत होतो. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि काम करत राहिले.

दुपारी शेजारणीला आईकडं लक्ष ठेवायला सांगून आम्ही देवळात गेलो. जुने गुरव केव्हाच वारले, आता त्यांचा मुलगा सगळं बघतो. हल्ली पोशाख तयार विकत येतात, पण त्यानं आमचा आदरानं घेतला. मूर्तीवर चढवायला गेला तर पोशाख पाठीमागं जुळेना. चांगला चार बोटं कमी पडला. इतक्या वर्षांत शेंदराची पुटं चढून मूर्ती जाड झाली होती. आण्णा उंबऱ्याशी उभे राहून बघत होते. "लई वाढला," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पोशाख परत मागून घेतला, पायरीवर बसून पिशवीतल्या उरलेल्या कापडाची पट्टी पाठीला जोडली आणि हातानं टाके घातले. मग तो मूर्तीला नीट बसला. आण्णांनी हात जोडले नाहीत. मी त्या दिवशी गाभाऱ्यात बघितलं.

घरी आलो तेव्हा आई उठून खाटेवर बसली होती.

"आवं, पोशाख झाला का?"

"झाला. देऊन आलो," आण्णा म्हणाले.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती लगबगीनं उठली, खुंटीवरची शाल काढली आणि म्हणाली, "मग चला की. पोराला नगरला न्यायचंय. कवाचं तापलंय ते."

इतके महिने ती यासाठी विचारत होती. देवाच्या पोशाखाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तो पुरा झाला की पोराला नेतो, असं आण्णांनी कबूल केलं होतं, आणि बाकी सगळं विसरल्यावर तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

आण्णा भिंतीला टेकले. मग जाऊन तिच्याजवळ खाटेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. असं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"व्हय, नेतो," ते म्हणाले. "गाडी येतीय. तवर बस तू."

ती मांडीवर शाल घेऊन दाराकडं बघत बसली. दिवेलागणीपर्यंत बसली. मग आपण कशासाठी बसलोय हे ती विसरली, आणि मी तिला भाकरी कुस्करून भरवली. पोशाखाचं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. हळूहळू बोलणंच कमी होत गेलं आणि मार्गशीर्षात ती गेली.

आण्णांना नगरला चला म्हणून खूप विनवलं. ते येत नाहीत. संध्याकाळी घरातल्या देवापुढं दिवा लावतात, हात जोडत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, तिचा दिवा हाय, तो लावायचा. माझ्या मनातली ती भीती आता गेली आहे. पण भीतीबरोबर भाऊही लांब गेल्यासारखा वाटतो. एवढी वर्षं तो रोज माझ्यासमोर असायचा, आता त्याचा चेहरा आठवायला डोळे मिटून बसावं लागतं, आणि तरी नीट दिसत नाही. त्याचा एकही फोटो आमच्याकडं नाही.

गेल्या रविवारी मी आण्णांना विचारलं, तो दिसायला कसा होता. आधी त्यांनी मशीनवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाले, वरचा एक दात पडला हुता, म्हनून हसताना हात धरायचा तोंडावर. उजव्या कानामागं तीळ हुता. नंतर ते सांगतच राहिले. माझी एसटी निघून गेली तरी आम्ही ओसरीवरून उठलो नाही.