लायसन्सवरचं वजन

ऑरिन ट्वेटला कुठल्याही गोष्टीची काळजी करता येत असे. चीजच्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा, आणि यंत्र सुरळीत चालू लागलं की याचा जीव उलट जास्त टांगणीला लागायचा. असा माणूस घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला निघालाय हे कळल्यावर आमच्या नॉर्थ फोर्क गावाची चांगलीच करमणूक झाली. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. इथं विस्कॉन्सिनमध्ये लोक तोंडावर फक्त हवामानाबद्दल बोलतात.

विमान बांधायचं हे पक्कं होतं. कोणतं बांधायचं, याचं घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं होतं. सुट्या भागांच्या पेट्या मागवायच्या आणि एकेक पत्रा रिव्हेटचे खिळे मारून जोडायचा, असं हे काम. पेट्या एकदा दारात उतरल्या की मन बदलायची सोय नाही. चौघं बसतील अशी दोन विमानं ऑरिनच्या मनात होती. त्याच्या दोघी मुलींनी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायला सुरुवात केली होती. थोरलं वाटेल तेवढं वजन उचलणारं, पण बांधायला सहा-सात वर्षं तरी जाणार. तोवर सोळा वर्षांची ॲस्ट्रिड घराबाहेर पडलेली असणार. धाकटं लवकर उभं राहणारं, पण वजनाच्या बाबतीत भलतंच नाजूक. चौघांनी मिळून मिशिगन सरोवराच्या पलीकडे मुलींच्या मावशीकडे उडत जायचं, यासाठी तर सगळा खटाटोप होता. म्हणून त्याला धाकटं हवं होतं, आणि त्याचं गणित बसवायला चौघांची खरी वजनं हवी होती.

त्याने स्वतःचं वजन केलं, मुलींचं केलं. बायकोला विचारलं, तर मार्लिस बटाटे सोलता सोलता म्हणाली, "लायसन्सवर आहे तेच धर की."

गाडीच्या लायसन्सवर आमच्याकडे वजन छापलेलं असतं, ज्याचं त्यानेच सांगितलेलं. कुणी तपासत नाही, म्हणून कुणी बदलतही नाही. मार्लिसने ते कॉलेजात जाण्याआधी सांगितलं होतं. हे ऑरिनला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे मार्लिसलाही ठाऊक होतं.

आता "खरं सांग" असं बायकोला कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याने आडून आडून प्रयत्न केले. न्हाणीघरात नवाकोरा वजनकाटा आणून ठेवला, तर मार्लिसने तो तळघरात नेला. मुलींबरोबर काट्यावर उभं राहायचा खेळ काढला, तर मार्लिसला नेमके तेव्हाच कपडे वाळत घालायचे होते. शेवटी त्याने लायसन्सवरचाच आकडा धरला. गणित बसलं, पण जेमतेम.

तेव्हापासून कामावर चीजचे ठोकळे काट्यावर चढले की त्याला मागच्या खुर्च्यांवरच्या मुली दिसत. धावपट्टी संपतेय, समोर झाडं आहेत आणि विमान वर चढत नाही. बटाटे-खिम्याचं भाजलेलं हॉटडिश अर्धं ताटात ठेवून तो उठू लागला.

"हॉटडिशमध्ये मीठ कमी पडलं का?" मार्लिसने विचारलं.

"नाही, नाही. छान झालंय," तो म्हणाला.

आमच्या विमान बांधणाऱ्यांच्या मंडळाचा एक रिवाज आहे. पेट्या मागवण्याआधी सगळ्या कुटुंबाने हँगरमध्ये, विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, यायचं. जमिनीवर निळी पट्टी चिकटवून विमानाच्या आतल्या जागेची रेघ आखतात, तिच्यात खुर्च्या मांडतात, आणि घरचे लोक प्रवासाचे कपडे घालून त्यांवर बसतात. शेजारी मालाचा मोठा काटा असतो. लोक पॅनकेक खात तमाशा बघतात.

त्या शनिवारी धाकट्या विमानाची रेघ आखली होती. मंडळातला सर्वांत जुना माणूस डेल्मर पेन्सिल घेऊन उभा होता. मुली मागे बसून एकमेकींना कोपर मारत होत्या. मार्लिस पुढे, गुडघे जवळ घेऊन.

"तुझं किती धरू, मार्लिस?" डेल्मरने विचारलं.

"ऑरिनला माहीत आहे."

ऑरिनने आकडा सांगितला. डेल्मरने बेरीज केली. "बसतंय रे. काठावर आहे, पण बसतंय. मागव."

मागे इंगा, त्याची धाकटी मुलगी, टाळ्या पिटायला लागली. ऑरिनने तिच्याकडे पाहिलं.

"नाही बसत," तो म्हणाला. "तो आकडा खोटा आहे."

पॅनकेक चावायचे आवाज थांबले. मार्लिस मानेपर्यंत लाल झाली. ती उठली, कुणाकडे न बघता बाहेर गेली, आणि त्यांच्या ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आला. गेली, ऑरिनला वाटलं. विमान तर गेलंच, आता घरही गेलं.

"शाबास," डेल्मर पुटपुटला. "आज झोपायला माझ्याकडे ये."

हँगरचं दार उघडलं. मार्लिसच होती. अंगात हिवाळ्याचा जाड कोट, खांद्यावर पर्स, हातात कॉफीचा थर्मास. ती तडक काट्यावर चढली.

"वाच," ती म्हणाली. "कॉफीशिवाय मी कुठं जात नाही, म्हणून थर्मासही धर."

ऑरिनला आकडा दिसेना, डोळे भरून आले होते. ॲस्ट्रिडने वाचून दाखवला. डेल्मरने पुन्हा बेरीज केली, वजन जास्त होत होतं, आणि कागदावर धाकट्या विमानाच्या नावावर काट मारली.

"बाबा, थोरलं होईपर्यंत मी इथं नसेन," ॲस्ट्रिड हळूच म्हणाली.

"सुट्टीत येशील ना? तुझी खुर्ची कुणाला देणार आहोत का आम्ही?" मार्लिस म्हणाली. मग ती ऑरिनकडे वळली. "मला वजनाची लाज नव्हती रे. मला विमानाची भीती वाटत होती. वाटलं, मी खरा आकडा दिला नाही तर तू पेट्या मागवायचा नाहीस, आणि माझ्या पोरी सुखरूप जमिनीवर राहतील."

"मग आता?"

"मीठ कमी आहे हेसुद्धा तू मला कधी तोंडावर सांगितलं नाहीस. आज चारचौघांत मला खोटं ठरवलंस. अशा माणसाने बांधलेल्या विमानात मी बसेन." तिने नाक पुसलं. "एखादा रिव्हेट वाकडा बसला, तर असंच सांगायचं. माझ्या तोंडावर. कबूल?"

"कबूल."

"आणि मीठ?"

"कमी असतं," ऑरिन म्हणाला. "नेहमीच."

डेल्मर गुडघ्यांवर बसून जुनी पट्टी उपटायला लागला. थोरल्याची रेघ आखून होईपर्यंत मार्लिस आपली खुर्ची धरून तिथंच उभी राहिली.