बाबांचाच आवाज

बाबा कवळ्या करायचे. अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांच्या हातचे दात होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. आईच्या वाट्याला मात्र त्यांची जीभच आली. चहा गार झाला की कप भिंतीवर जायचा आणि भिंत आईने पुसायची. ती लवकर गेली, मग ते काम थोरल्या मुलीकडे आलं.

तिला घरात सगळे ताईच म्हणतात, बाबासुद्धा. बेकरीच्या काउंटरवर तिची बरी नोकरी होती. बाबांचे पाय गेले तशी ती नोकरी सुटली, आणि जमत आलेलं लग्नही मोडलं. तेव्हापासून सकाळी कवळी घासून बाबांच्या तोंडात बसवायची, अंग पुसायचं, कूस बदलायची आणि त्याच कवळीतून दिवसभर बोलणी खायची. तुझ्या हाताला चव नाही, तुझ्या चालण्यात जीव नाही, तोंड बघून भूक मरते. त्यांच्या एका कौतुकाच्या शब्दासाठी ती झुरत होती. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, ती स्वतः कधी सांगायची नाही.

धाकटा भाऊ दूरच्या शहरात. वर्षातून एकदा यायचा आणि सल्ले देऊन जायचा. एकदा त्याच्या डोक्यात आलं, बाबांची सगळी कहाणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवायची.

"ताई, हा ठेवा आहे गं. उद्या बाबा नसले तर नातवंडांना काय सांगणार आपण?"

डोकं त्याचं, राबणारे हात ताईचे. फोनवर रेकॉर्ड कसं करायचं, नको तो भाग कसा कापायचा, हे त्याने शिकवलं. वर बजावलं, "तुझा आवाज कुठेही येता कामा नये हं. फक्त बाबांचाच. आणि कापून झालं की मूळचं पुसून टाक, फोन भरून जातो."

झालं. रोज दुपारी बाबांची गाडी सुटायची. पहिलं दुकान, मेणाचे साचे, भर कोर्टात एका वकिलाची निसटलेली कवळी. ती कवळी दुसऱ्याने केलेली होती, हे सांगताना बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. संध्याकाळी ताई कापायला बसायची. 'मग पुढे काय झालं?' गेलं. 'बाबा, पाणी घ्या' गेलं. खोकला गेला, हसू गेलं. कपड्यावरचे धागे चिमटीने वेचावेत तशी ती स्वतःला वेचून टाकत होती.

शेवटी आईचा विषय निघाला. बाबांनी तिला दोन वाक्यांत उरकलं. "होती बिचारी. सारखी आजारी असायची."

ताईच्या तोंडून निघूनच गेलं, "आणि मी, बाबा?"

बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "तू नसतीस तर मी कधीच कुजून मेलो असतो. तुझ्यासाठी मी काहीच केलं नाही. तूच केलंस सगळं."

ताई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. मग डोळे पुसून बसली, नेमाप्रमाणे आपला प्रश्न कापला, बाबांचं उत्तर ठेवलं आणि मूळचं पुसून टाकलं. ते उत्तर कोणाला दिलंय हे कोणाला सांगावं लागेल, असं तिच्या मनातही आलं नाही. बाबांचं सगळं करणारी दुसरी होतीच कोण?

बाबांच्या वाढदिवसाला झाडून सगळे नातेवाईक जमले. भावाने स्पीकर लावला. ताई ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती. वकिलाच्या कवळीला हशा पिकला. तिला मात्र शेवटाची घाई झाली होती.

"होती बिचारी. सारखी आजारी असायची. तू नसतीस तर मी कधीच कुजून मेलो असतो..."

खोलीत कोणीतरी हुंदका दिला. भावाच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. "आईंशी बोलतायत हो!"

भाऊ गहिवरून म्हणाला, "आईवर एवढा जीव होता यांचा, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

"अरे, ते मला म्हणाले," ताई म्हणाली. "मी विचारलं होतं. माझा प्रश्न कापलाय मी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भावाने आवाज खाली आणला. "ताई, आज तरी? गेलेल्या आईच्या वाटचंसुद्धा तुलाच हवं का?"

"बाबांना विचार."

त्याने विचारलं. बाबांनी खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांचे डोळे ओले होते. इतकी माणसं एकदम त्यांना भला माणूस समजतायत, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. त्यांना सगळं नीट आठवत होतं आणि ते तिलाही दिसलं.

"तुमच्या आईलाच," बाबा म्हणाले. "दुसरं कोण आहे मला? लाव रे पुन्हा."

भावाने पुन्हा लावलं. ताई कान देऊन ऐकत राहिली. तिने ते इतक्या सफाईने कापलं होतं, की जोड कुठे आहे ते तिलाही सापडलं नाही.