ढाल आणा, मैदान तुमचं!

आमच्या टीमचे किस्से सांगायला मी बसलो की घरातली माणसं एकेक करून उठतात. त्यांना सगळं तोंडपाठ झालंय! पण मी तरी काय करू? एकाच सीझनमध्ये एवढं घडलं की आयुष्यभर सांगतोय, तरी दरवेळी एखादा नवीन निघतोच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावात भीमराव गुरुजी मुलांना शिकवायचे. बौद्ध वस्तीतले पहिले नोकरदार. त्यांनी कुठल्याशा मासिकात युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या फुटबॉल लीगबद्दल वाचलं. प्रत्येक टीम प्रत्येकीशी दोनदा खेळणार, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. जिंकलं की दोन पॉइंट, बरोबरी झाली की एक, आणि शेवटी सगळ्यात जास्त पॉइंटवाल्या टीमला ढाल.

"त्या देशात मानसं आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी! मंग आपल्याले काहून नाई जमनार?" असं म्हणत गुरुजींनी सायकलवर फिरून सहा गावं जमवली. अनसिंग आलं, मेडशी आलं, दोन गाड्या बदलून जावं लागायचं ते धनजही आलं.

राहिला मैदानाचा प्रश्न. गावाबाहेरच्या माळावरचे दगड आम्ही हातांनी वेचले, पण सरपंचांना तिथं कडब्याच्या गंजी लावायच्या होत्या. शेवटी त्यांनी एकच सांगितलं, "ढाल आना, मैदान तुमचं! नाई आनली, तं पुढच्या साली तठी गंज्या लागतीन."

"ठरलं!" गुरुजी सगळ्यांसमोर म्हणून बसले. आमच्यातल्या निम्म्यांनी तोवर बॉलला पायही लावला नव्हता.

*

आमचा गोलकीपर नामदेव. त्याच्या घरचा भाजीचा मळा. लाल कोहळी बैलगाडीत भरताना तिथं माणसांची रांग लागायची. पहिल्याने फेकायचं, दुसऱ्याने झेलायचं आणि न बघता मागच्याकडे द्यायचं. नामदेवच्या हातून आजवर एकही कोहळं पडलं नव्हतं, म्हणून गुरुजींनी त्याला गोलात उभं केलं.

पहिली मॅच मेडशीशी. त्यांच्या फॉरवर्डने जवळून सणसणीत किक मारली. नामदेवने झेप घेऊन बॉल असा झेलला की मेडशीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच त्याने तो न बघता मागं दिला!

गोल!

"अबे, कोनाले देल्ला?" गुरुजी ओरडले.

नामदेवने वळून बघितलं. "गुरुजी, मांगं कोनी उभंच नाई!"

*

ती मॅच आम्ही हरलो. मग गुरुजींनी खडूने फळ्यावर आकृत्या काढून सगळ्यांना नियम शिकवले. ऑफसाइडवर गाडी अडली. आमचा फॉरवर्ड किसन पुढे पळाला की शिट्टी, थांबला की गुरुजींचं बोलणं.

हे सगळं किसनचा बाप शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून बघत होता. तो एकदम उठून मैदानात आला.

"गुरुजी, पोरगं पुढं गेलं तं गुन्हा, मांगं राह्यलं तं आळशी. मंग त्यानं खेळावं तरी कुठी? आमच्या वावरात?"

*

अख्ख्या टीममध्ये बुटांचा एकच जोड होता. बाकी सगळे अनवाणी. म्हणून ते बूट फक्त पेनल्टीसाठी ठेवलेले. पेनल्टी मिळाली की गुरुजी हाक द्यायचे, "बूट आना रे!" मग कुणीतरी पिशवीतून ते काढायचं, किसन खाली बसायचा आणि सावकाश नाड्या बांधायचा. त्याला ते एवढे लहान होत की उजवाच कसाबसा चढायचा.

तोवर समोरचा गोलकीपर उभ्या उभ्या घामाने भिजायचा. धनजच्या कीपरने तर न राहवून विचारलं, "बावा, एकच बूट काहून घालून राह्यला?"

किसन शांतपणे म्हणाला, "दोन घातले तं बॉल फुटते."

त्या सीझनमध्ये किसनची एकही पेनल्टी हुकली नाही!

*

आता एक किस्सा हसण्याचा नाही, पण छाती फुगते म्हणून सांगतो. एका गावात हाफ टाइमला पाणी आलं. गावाचं नाव घेत नाही. घागरी दोन. एक मोठी, तिच्यावर चकचकीत पितळी गडू. दुसरी बाजूला, झाडाखाली. कुठली कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. आमच्या टीममध्ये पाच जण बौद्ध वस्तीतले होते.

नामदेव उठला. त्याच्यासमोर गडू धरला होता, तो त्याने हाताने बाजूला सारला.

"आमची टीम एक हाय. घागरही एकच लागंल."

एकाही खेळाडूने पाण्याला तोंड लावलं नाही. तोंडाला कोरड पडलेली, वर चैताचं ऊन, आणि त्या हाफमध्ये आम्ही तीन गोल केले! परतताना गाडीत गुरुजी खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते.

*

शेवटची मॅच अनसिंगला. ते आमच्यापेक्षा एक पॉइंट पुढे. बरोबरी झाली तरी ढाल त्यांची, आणि आमच्या मैदानावर गंजी. आम्हाला जिंकायचंच होतं.

लीगमध्ये कुणाचाच कुणाच्या घड्याळावर विश्वास नव्हता. म्हणून नियम केला होता की पाहुण्या टीमला परत नेणाऱ्या संध्याकाळच्या गाडीचा फाट्याजवळ हॉर्न वाजला की मॅच संपली.

एक-एक अशी बरोबरी चालू होती. तेवढ्यात लांबवर धुरळा दिसला. गाडी! गाडी आली, आली आणि फाट्याच्या अलीकडे नाल्याजवळ थांबली.

"गाडी आली, शिट्टी मारा!" अनसिंगकर ओरडले.

धनजचे रेफरी कडक माणूस. "हॉर्न वाजला काय? नाई ना? मंग खेळा!"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाडी हलेना. त्याच गाडीने आमच्या गावची माणसं वाशिमच्या बाजारातून परत निघाली होती, नामदेवची आईही त्यांत होती. ती रिकाम्या टोपल्या घेऊन उतरली आणि मॅच बघायला नाल्याच्या काठावर ओळीने उभी राहिली. इकडे आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, किसनने उडी मारून डोकं लावलं आणि गोल!

त्याच क्षणी हॉर्न वाजला. चांगला लांबलचक!

"मैदान आपलं झालं!" किसन गुरुजींना उचलून ओरडत होता. गुरुजी लहान पोरासारखे रडत होते. अनसिंगच्या कॅप्टनने स्वतः येऊन त्यांच्या हातात ढाल दिली, गळाभेट घेतली. मोठ्या मनाचा माणूस.

आम्ही नाचत गाडीत चढलो. गुरुजींनी ढाल छातीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहो, गाडीले काय झालं होतं?"

"इंजन तापलं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

"पंक्चर होतं," कंडक्टर त्याच वेळी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पुढच्या सीटवरून नामदेवची आई ठसक्यात म्हणाली, "म्हैस बसली होती बाप्पा, नाल्यात! उठतच नव्हती!"