पोह्यांची पहिली बशी

फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास आला की मला आत्याला बघायला आलेली मंडळी आठवतात. निमगाव केतकीच्या आमच्या घरी पडवीत सतरंजीवर पाहुणे बसले होते आणि पोह्यांचा ट्रे माझ्या हातात होता. पहिली बशी नवऱ्या मुलाला द्यायची, असं आईनं बजावलं होतं. पण त्याच्याशेजारी त्याचा मित्र म्हणून जो उंच माणूस बसला होता, तो टीव्हीवरचा माझा सगळ्यात आवडता कबड्डीपटू होता. बशी आपोआप त्याच्यापुढं गेली. आजोबा करवादले, "अगं, नवरा मुलगा तिकडं हाय." मी म्हणाले, "आबा, हे चढाईला गेले की कुणाला घावत न्हाईत." तो हसला. "तू खेळतीस व्हय?" "डाव्या कोपऱ्यात. पण सकाळी डेअरीला दूध घालायचं असतं, सरावाला जायला मिळत न्हाय." तो उठून अंगणात उतरला. "धर माझा घोटा." मी झेप घेतली. त्यानं हिसड्यावर हिसडे दिले, माझा फ्रॉक मातीनं भरला, पण घोटा काही मी सोडला नाही. "आबा, हिच्या तावडीतनं सुटणं अवघड हाय," पँट झटकत तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची किटली शोधत होते, तर ती घेऊन आजोबा कधीच डेअरीला गेले होते. आत्याचं लग्न तिथंच जमलं. पहिली बशी चुकीच्या माणसाला दिलीस, म्हणून ती मला वर्षानुवर्षं चिडवायची. परवा जिल्ह्याच्या संघाची जर्सी घालून मी तिच्या घरी गेले, तर तिनं पोहे केले आणि नवऱ्याच्या आधी पहिली बशी माझ्यापुढं ठेवली.